कै. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर

मुंबईचे चित्रकार कै. रावबहादुर धुरंधर हट्ट्याच्या ज्ञातिबांधवांस दूरचे वाटतील. तथापि लेकरे वाढवीत कुंचला चालविणाऱ्या संसारी माणसास त्यांचे चरित्र जवळचेच आहे. १८६७ साली कोल्हापुरास जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व पुढे तेथेच अध्यापक झाले. त्यांच्या चित्रांकरिता पुष्कळदा घरचीच माणसे समोर बसत. १९१२ साली जन्मलेली कन्या अंबिका हिने कलेचे पहिले धडे पित्यापाशीच गिरविले. मुलींनी कलाशाळेची पायरी चढणे विरळा असता त्यांनी तिला आपल्याच शाळेत धाडले. १९३१ साली तिने पदविका मिळविली आणि त्याच वर्षी ते सेवानिवृत्त झाले! हा योग आम्हांस त्यांच्या सुवर्णपदकाहूनही मोठा वाटतो. १९४४ साली ते निवर्तले. त्यांची चित्रे अंबिकाबाईंनी जन्मभर जपली.