राणी ग्रूओख

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' आपल्यापैकी पुष्कळांनी कॉलेजात अभ्यासले असेल, नाही तर कुसुमाग्रजांच्या 'राजमुकुट'मधून त्याची ओळख झाली असेल. झोपलेल्या पाहुण्या राजाचा खून करण्यास नवऱ्याला चिथावणारी आणि पुढे झोपेत हातावरचे रक्त धुणारी ती बाई! उपदेशांत आम्ही तिला खुशाल ईजबेलीच्या शेजारी बसवितो. परंतु ही बाई खरोखरच होऊन गेली. नाटकात तिला नावसुद्धा नाही. तिचे नाव ग्रूओख.

अकराव्या शतकातील ही स्कॉटिश सरदारकन्या. तिचा बाप बोइटे राजवंशातला होता, आणि हेच तिच्या माहेरावर संकट ठरले. उत्तरेकडील मरे प्रांताचा सरदार गिले कोमगान याला ती दिली होती. १०३२ साली त्याला पन्नास माणसांसह जाळून मारण्यात आले. लुलाख नावाचा मुलगा घेऊन ती विधवा राहिली. दुसऱ्याच वर्षी वृद्ध राजा माल्कम याने बोइटेच्या नातवाला ठार केले. १०३४ साली माल्कम वारला आणि त्याच्या मुलीचा मुलगा डंकन गादीवर बसला.

ग्रूओखने दुसरे लग्न केले ते मृत पतीच्या चुलत भावाशी. हाच मॅकबेथ. त्याच्या बापाला याच भावांनी १०२० साली मारले होते! अशा घरात सावत्र मुलगा जिवंत राहिला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. १०४० साली डंकनने मरेवर स्वारी केली आणि तो रणांगणात पडला. पाहुणा म्हणून नव्हे, अंथरुणातही नव्हे. मॅकबेथ राजा झाला व त्याने सतरा वर्षे राज्य केले. ग्रूओख संत होती असे माझे म्हणणे नाही. ते सिंहासन रक्त सांडूनच मिळाले होते.

मग तिच्याविषयी लेखी पुरावा कोणता? एक दानपत्र. लेव्हन सरोवरातील बेटावर कल्डी नावाचे साधू भजनपूजन करीत. राजा-राणी दोघांनी मिळून सरोवराकाठची कर्कनेस ही जमीन त्यांना करमुक्त दिली. बदल्यात मागितल्या प्रार्थना. दान देऊन प्रार्थना मिळविण्याची रीत आपण प्रॉटेस्टंट मानीत नाही, ते असो. पण ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाचा मळा घेतला. ग्रूओखने जमीन दिली, आणि खोटी साक्ष तिच्याच वाट्याला आली. नववी आज्ञा शिकविणाऱ्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे जरूर पाहावे.

१०५७ साली डंकनचा मुलगा माल्कम याच्याशी लढताना मॅकबेथ पडला. लुलाख काही महिने राजा झाला. मार्च १०५८ मध्ये तोही मारला गेला. गादी डंकनच्या वंशात गेली, आणि हकिकतीही जिंकणाऱ्यांच्याच झाल्या. १५२७ साली हेक्टर बोईसने आपल्या लॅटिन इतिहासात पत्नीच्या चिथावणीची गोष्ट घातली. ती हॉलिन्शेडने १५७७ साली इंग्रजीत आणली, आणि तेथून १६०६ च्या सुमारास ती शेक्सपिअरच्या हाती पडली. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर डंकनच्याच वंशातला जेम्स राजा होता.

ते दानपत्र कसे टिकले, हेही ऐकण्यासारखे आहे. सुमारे ११५० साली डंकनचा नातू डेव्हिड राजा याने ते बेट सेंट अँड्र्यूजच्या मठाला दिले. बेटाच्या जुन्या दानांची नोंद त्या मठाच्या दप्तरात लॅटिनमध्ये उतरली गेली. त्यात ती आहे: बोइटेची मुलगी ग्रूओख, स्कॉट लोकांची राणी.