विश्लेषण : मेंदूच्या लहरींवर चालणारा गेम, आणि त्या लहरी शोधणारे हान्स बर्गर कोण होते?

कपाळाला पट्टा बांधायचा, कानाला क्लिप लावायची आणि हात न लावता चेंडू हवेत उचलायचा! मॅटेल कंपनीचा ‘माइंडफ्लेक्स’ हा गेम २००९ मध्ये बाजारात आला. यात जादू काही नाही. पट्ट्यातला सेन्सर कपाळावरचे विद्युत संकेत टिपतो, त्यानुसार पंख्याचा वेग बदलतो आणि चेंडू वर-खाली होतो. माणसाच्या मेंदूतले हे संकेत पहिल्यांदा नोंदवले ते जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी. खरे तर ते टेलिपथीच्या मागे लागले होते.

एका तारेने दिशा बदलली

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉयसेसचा. खगोलशास्त्र शिकायचे म्हणून विद्यापीठात गेले, पण ते सोडून लष्करी सेवेत दाखल झाले. सरावात घोडा बिथरला, बर्गर खाली पडले आणि तोफेचा गाडा त्यांच्या अगदी जवळ येऊन थांबला. त्याच दिवशी वडिलांची खुशाली विचारणारी तार आली. भाऊ संकटात असल्याचे दूर घरी बहिणीला जाणवले होते. दुसऱ्या कोणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. बर्गर यांनी मात्र वैद्यकशास्त्र घेतले आणि मनातली ऊर्जा मोजण्यासाठी आयुष्य खर्ची घातले.

येना इथल्या मनोरुग्णालयात त्यांनी मेंदूचा रक्तप्रवाह मोजला, तापमान मोजले. हाती फार काही लागले नाही. अखेर ६ जुलै १९२४ रोजी शस्त्रक्रियेदरम्यान १७ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतले विद्युत संकेत गॅल्व्हनोमीटरवर दिसले.

पाच वर्षे गप्प का राहिले?

कारण संकेत फारच क्षीण होते. डोक्याच्या त्वचेवर ते जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्ट भरतात, म्हणजे फोनच्या बॅटरीच्या साधारण एक लाखावा भाग. ही नाडी तर नसेल? स्नायूंची हालचाल? बर्गर एकेक शंका तपासत राहिले. स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही इलेक्ट्रोड लावले. १९२९ मध्ये पहिला शोधनिबंध आला. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे १० लहरी उमटतात, उघडले की त्या मावळतात, हे त्यांनीच दाखवले. याच त्या अल्फा लहरी. टेलिपथी मात्र सापडली नाही. इतके दुबळे संकेत दुसऱ्या घरात पोहोचणार कसे?

सहकाऱ्यांनी फारसे मनावर घेतले नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला नोबेलविजेते एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा कुठे जगाने मान्य केले.

झाकलेली बाजू

बर्गर नाझींचे बळी होते, असे अनेक वर्षे सांगितले जाई. नंतर सापडलेली कागदपत्रे वेगळेच सांगतात. ते ‘एसएस’ला वर्गणी देणारे समर्थक सदस्य होते. सक्तीच्या नसबंदीची प्रकरणे ऐकणाऱ्या येनातल्या न्यायालयातही ते बसले. १९३३ च्या त्या कायद्याच्या यादीत आनुवंशिक अपस्मारही होता. म्हणजे ज्या फेफऱ्याच्या निदानासाठी आज रुग्णालयांत सर्रास ईईजी काढला जातो, तोच आजार.

१९३८ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे नैराश्याने ग्रासले आणि १ जून १९४१ रोजी येनातच त्यांनी आत्महत्या केली.