भांडी घासण्याच्या पाण्यापासून बाळाच्या श्वासापर्यंत

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली मुले हल्ली घरच्या घरी सर्किट बोर्ड जोडतात. एकेका तारेला डाख देण्याचे दिवस बरेचसे मागे पडले. आताचे सुटे भाग तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात आणि थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसतात. त्यासाठी तांब्याच्या ठिपक्यांवर कथलाची भुकटी आणि फ्लक्स यांची पेस्ट लावायची, चिमट्याने भाग ठेवायचे आणि बोर्ड सावकाश तापवायचा. कुणी त्यासाठी जुना तवा वापरतो, कुणी इलेक्ट्रिक शेगडी, कुणी टोस्टर ओव्हन. शिसे आणि कथील यांची नेहमीची पेस्ट १८३ अंश सेल्सिअसला वितळते. त्या क्षणी थोडा वाकडा ठेवलेला भाग आपोआप सरकून जागेवर बसतो. त्याला कुणी हात लावलेला नसतो.

हे काम पृष्ठताणाचे. कोणताही द्रव आपला पृष्ठभाग शक्य तितका लहान ठेवू पाहतो. वितळलेल्या धातूचा पृष्ठताण पाण्याच्या कित्येक पट असतो, म्हणून तो त्या चिमुकल्या भागाला ओढून घेतो. मात्र धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असेल तर ही ओढ बिघडते. तो थर काढण्यासाठीच फ्लक्स लागतो. पृष्ठभागावरचा नजरेला न दिसणारा थर द्रवाचे वागणे कसे बदलतो, हे नेमकेपणाने मोजण्याची रीत ज्या बाईंनी घालून दिली, त्यांची प्रयोगशाळाही स्वयंपाकघरातच होती. त्यांचे नाव ॲग्नेस पॉकेल्स.

ॲग्नेस यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिसमध्ये झाला. तेव्हा ते शहर ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते आणि त्यांचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. उत्तर इटलीत त्या काळी हिवतापाचा सुळसुळाट होता. त्याने वडिलांची प्रकृती ढासळली, १८७१ मध्ये त्यांना सेवेतून मुदतीआधीच निवृत्त व्हावे लागले आणि कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात येऊन राहिले. ॲग्नेस तिथल्या मुलींच्या शाळेत शिकल्या. पदार्थविज्ञान त्यांचा आवडता विषय होता, पण त्या काळी जर्मनीतील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. पुढे ती उघडू लागली तेव्हा आजारी आईवडिलांची सेवा आणि घरचा व्याप त्यांच्या अंगावर होता. धाकटा भाऊ फ्रेडरिक मात्र गटिंगेनला पदार्थविज्ञान शिकायला गेला. तोच बहिणीला पुस्तके पुरवू लागला. हा भाऊही पुढे नामवंत शास्त्रज्ञ झाला.

भांडी धुताना तेलाचा तवंग आणि साबण यांमुळे पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो, हे घर सांभाळणाऱ्या प्रत्येकीने पाहिलेले असते. ॲग्नेस यांनी ते मोजायचे ठरवले. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी प्रयोग सुरू केले आणि १८८२ पर्यंत स्वतःचे उपकरण तयार केले. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम २ सेंटिमीटर खोल असे पत्र्याचे पन्हळीसारखे भांडे त्यांनी घेतले. ते काठोकाठ पाण्याने भरायचे. वर आडवी पत्र्याची पट्टी अशी ठेवायची की ती पाण्याला टेकेल. पट्टी सरकवली की तिच्या एका बाजूचा पृष्ठभाग आक्रसतो आणि दुसऱ्या बाजूचा पसरतो. पाण्याला टेकलेली एक छोटी चकती तराजूला टांगायची आणि ती पाण्यापासून सुटायला किती वजन लागते ते पाहायचे. हे वजन म्हणजेच पृष्ठताणाचे माप.

यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली म्हणजे, स्वच्छ दिसणारे पाणी पुष्कळदा स्वच्छ नसते. पट्टी पृष्ठभागावरून ओढून घेतली की मळाचा अदृश्य थर एका बाजूला जातो आणि खरोखर निर्मळ पृष्ठभाग मिळतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पाण्यावर तेलकट पदार्थाचा अतिशय थोडा अंश टाकून पट्टी सरकवत नेली, तर बराच वेळ पृष्ठताणात फारसा फरक पडत नाही. मग एका ठरावीक क्षेत्रफळाला तो एकदम उतरू लागतो. त्या क्षणी तेलाचे रेणू एकमेकांना खेटून उभे राहिलेले असतात, आणि तो थर अवघ्या एका रेणूच्या जाडीचा असतो. हा अर्थ लॉर्ड रॅली यांनी १८९९ मध्ये मांडला. त्याचे मोजमाप ॲग्नेस यांनी त्याआधीच करून ठेवले होते.

ते जगापुढे यायला मात्र सुमारे दहा वर्षे लागली. पदवी नसलेल्या, घरी बसून प्रयोग करणाऱ्या बाईचे निबंध कोण छापणार? रॅली याच विषयावर काम करत आहेत असे कळल्यावर जानेवारी १८९१ मध्ये ॲग्नेस यांनी त्यांना जर्मन भाषेत सविस्तर पत्र लिहिले. रॅली हे तेव्हा इंग्लंडमधले अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नीने पत्राचे भाषांतर केले आणि रॅली यांनी आपली शिफारस जोडून ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते प्रसिद्ध झाले. ॲग्नेस तेव्हा २९ वर्षांच्या होत्या.

त्यानंतर त्यांचे आणखी निबंध प्रसिद्ध झाले, तरी आजारपणे आणि शुश्रूषा यांतून उरेल तेवढ्याच वेळात त्यांना काम करता आले. १९१३ साली भाऊ वारला आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. विज्ञानजगताशी त्यांचा संबंध तुटत गेला. याच काळात अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युर यांनी त्याच धर्तीचे सुधारित उपकरण वापरून पृष्ठभागांचा अभ्यास पुढे नेला आणि १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तरीतल्या ॲग्नेस यांना मानद डॉक्टरेट दिली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पन्हळीची वैद्यकातली गोष्ट यानंतर सुरू होते. आपल्या फुफ्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्या थराचा पृष्ठताण वायुकोशाला आत ओढत असतो. कोश जितका लहान, तितकी ही ओढ भारी पडते. मग श्वास सोडल्यावर ते मिटून का जात नाहीत? १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी फुफ्फुसाचा अर्क अशाच पसरट भांड्यात घेतला आणि पृष्ठभाग आक्रसत नेला. पृष्ठताण विलक्षण खाली गेला. म्हणजे साबणासारखे काम करणारे एक द्रव्य फुफ्फुसच तयार करते. त्याला आपण सरफॅक्टंट म्हणतो.

१९५९ मध्ये मेरी एलन ॲव्हरी आणि जीअर मीड यांनी पुढचे पाऊल टाकले. अपुऱ्या दिवसांची काही बाळे जन्मताच धापा टाकतात, कण्हतात, निळी पडतात. अशाने दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसात हे द्रव्य पुरेसे नसते, असे त्यांनी दाखवून दिले. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे बाळ याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेले. सर्वोच्च पदावरच्या पित्यालाही तेव्हा इलाज मिळाला नाही. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुफ्फुसापासून बनवलेले सरफॅक्टंट अशा दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडले आणि उपचाराचा मार्ग खुला झाला. आज नवजात शिशू कक्षात एका छोट्या कुपीतले हे पांढरे औषध दिल्यावर बाळाला लागणारा ऑक्सिजन पाहता पाहता कमी होताना आम्ही बघतो. आणखी एक उपाय जन्माआधीचा आहे. वेळेआधी प्रसूतीची चिन्हे दिसली की योग्य वेळी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुफ्फुसे लवकर तयार होतात. म्हणून दिवस भरण्याआधी पोटात कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर घरी वाट पाहत बसू नये.

घरात प्रयोग करणाऱ्या मुलामुलींनाही अडवू नका. फक्त तवा किंवा ओव्हन डाखकामासाठी एकदा वापरला, की तो अन्नासाठी पुन्हा कधीही वापरायचा नाही. शिशाचे कण भांड्याला आणि हातांना चिकटतात, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अगदी थोडी मात्राही घातक ठरते. फ्लक्समधल्या राळेच्या धुराने दमा उसळतो. तेव्हा शिसेविरहित पेस्ट घ्यावी, काम खिडकीजवळ पंखा लावून करावे आणि उठल्यावर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांनी आणि गरोदर बाईने त्या टेबलापासून लांब राहावे. एवढी शिस्त पाळली, तर मुलीने प्रयोगासाठी एखादे जुने भांडे मागितले तर ते जरूर द्यावे.