तुमच्या फोनमधल्या देखण्या फाँटचे पूर्वज: जावजी दादाजी

वोग मासिकाचं नाव डोळ्यासमोर आणा. एक रेष जाडजूड, तिच्या शेजारची केसाएवढी बारीक. टायपोग्राफीत याला हाय कॉन्ट्रास्ट म्हणतात. इटलीतल्या बोडोनीने आणि फ्रान्समधल्या दिदो घराण्याने अठराव्या शतकाच्या शेवटी ही शैली गाजवली. आपल्या देवनागरीत मात्र जाड-बारीक रेषा बोरूच्या तिरक्या टोकातून आधीच आल्या होत्या. अवघड होतं ते हे वळण शिशाच्या खिळ्यात, म्हणजे छापायच्या सुट्या अक्षरात, उतरवणं.

मराठीत हे काम ज्यांच्या नावावर आहे, ते शाळेत फारसे शिकलेच नव्हते. जावजी दादाजी चौधरी, जन्म १८३९. घरची गरिबी, म्हणून साधारण दहाव्या वर्षी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम काय, तर खिळे घासायचं. ओतलेल्या खिळ्याच्या कडेला धातू चिकटून राहतो, तो काढला नाही तर आख्खी ओळ वाकडी बसते. कंटाळवाणं काम, पण अक्षर बोटांना कळायला याच्याइतकी चांगली शाळा नसावी!

पुढे आणखी छापखान्यांत नोकऱ्या करून १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. बालबोध मासिक, काव्यमालेतले संस्कृत ग्रंथ इथेच छापले गेले. संस्कृत पंडितांनाही निर्णयसागरची प्रत हवी असायची.

आता माझी एक तक्रार. नाव जावजींचं झालं, पण अक्षरं कोरणारा हात त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू यांचा. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच तांब्यावर ठोकायचा, मग त्या साच्यात शिसं ओतायचं. जोडाक्षरं धरली तर असे शेकडो तुकडे. चूक झाली तर अनडू नाही. माझ्या मते दोन्ही नावं एकत्रच घ्यायला हवीत.

जावजी १८९२ मध्ये गेले. पण त्या खिळ्यांवरून प्रेरणा घेतलेला टिरो देवनागरी फाँट आज गूगल फाँट्सवर फुकट आहे. हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन भावंडं. मराठीवालाच घ्या, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

मी कळव्याहून स्लो लोकलने जातो (फास्ट इथे क्वचितच थांबते!) आणि लांबलचक लेख याच फाँटमध्ये वाचतो. अक्षर जरा मोठं ठेवलं की मस्त दिसतं. दारात उभं राहून, स्क्रीनवर ऊन पडलं की मात्र बारीक रेषा गायब होतात. म्हणून लेख, कविता, लग्नपत्रिका, पोस्टरचं शीर्षक यांना टिरो वापरा. ॲपची बटणं आणि मेनू यांना सारख्या जाडीचा मुक्ता बरा.