हिस्लॉप कॉलेजचे हिस्लॉप कोण होते? जीवाश्म शोधत विदर्भ पालथा घालणारा पाद्री

१९१० साली बार्नम ब्राऊन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कॅनडातल्या रेड डियर नदीवर डायनासोर शोधायला चक्क नाव बांधून घेतली. सुमारे ३० फूट लांब, सपाट बुडाची, वर तंबू आणि चूल. काठावर हाडं दिसली की थांबायचं, ती नावेत भरायची आणि पुढे निघायचं.

आपल्या विदर्भात असंच काम त्याआधी साठ वर्षं स्टीफन हिस्लॉप करत होते. त्यांच्याकडे होता घोडा. तसंही आपले नाले उन्हाळ्यात कोरडे आणि पावसाळ्यात बघता बघता दुथडी. तिथे नाव काय कामाची?

१८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले. शाळा काढली, मराठी शिकले आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत दगड गोळा करू लागले. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म मिळाले, तेही लाव्हाच्या दोन थरांच्या मधे! म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर इथे तळी साचली, जीव वाढले आणि मग पुन्हा लाव्हा आला.

पुढे नागपूरच्या दक्षिणेला मांगलीत एका प्राचीन उभयचराची कवटी सापडली. रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये, त्यामुळे असे नमुने लंडनला धाडणं हीच एक मोहीम होती. तिथे रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला 'ब्रॅकिऑप्स' नाव दिलं. डायनासोर हा शब्द बनवणारे ते हेच ओवेन.

४ सप्टेंबर १८६३. हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघायला गेले होते. परतताना फुगलेला नाला ओलांडायला गेले आणि बुडाले. चार दिवसांनी ते ४६ वर्षांचे झाले असते.

मागे राहिली गोंडांवरची अर्धवट टिपणं. त्यात लिंगोची गाथाही होती. मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये छापली, नाहीतर घरातच वाळवीने खाल्ली असती. गोंदियातल्या सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला भरणारी कचारगडची यात्रा याच लिंगोशी जोडलेली आहे.