धरणाआधी माणूस घडवायला निघालेले विश्वेश्वरय्या

बेळगावात मच्छेकडची व्हीटीयू कुठे, असं कुणाला विचारावं लागत नाही. 1998 साली हे तांत्रिक विद्यापीठ इथं आलं आणि तेव्हापासून पोरं, पालक, रिक्षावाले सगळेच ही तीन अक्षरं घडाघडा बोलतात. त्यातला व्ही म्हणजे विश्वेश्वरय्या, हे बहुतेकांना माहीत असतं. 15 सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार घातला जातो, इंजिनिअर दिन साजरा होतो, धरणांची नावं घेतली जातात. पण धरणापलीकडे या माणसाने जो हट्ट आयुष्यभर धरला, त्याबद्दल कमी बोललं जातं. पाणी अडवणं हे अर्धं काम, ते वापरणारा आणि वाटणारा माणूस तयार करणं हे उरलेलं अर्धं, असा तो हट्ट होता. घटप्रभा आणि मलप्रभेच्या कालव्यांवर जगणाऱ्या आपल्या भागाला हा हट्ट समजून घेण्याची आज जास्त गरज आहे.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचे. वडील संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती बेताची. वडील लवकर गेले. पुढे मामांच्या आधाराने बेंगळूरात शिक्षण झालं. खर्च भागवायला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. 1881 मध्ये बीए झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. 1883 च्या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला.

एक गोष्ट लक्षात घ्या. शिकवणी घेऊन शिकलेला आणि शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालेला हा मुलगा होता. शिक्षणाने माणूस कुठून कुठे जातो हे त्याने स्वतःवरच अनुभवलं होतं. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्यांनी जे जे केलं त्याचं मूळ इथं सापडतं.

1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. पहिली नेमणूक नाशिकला, मग खानदेशात धुळ्याकडे. तिथं एका ओढ्याखालून पाइप नेऊन पाणी पलीकडे काढायचं काम त्यांच्याकडे आलं. ऐन पावसाळ्यात पूर यायचा, पाइप गाळाने भरायचा. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवू या, असं तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही, शिस्तीचा प्रश्न निघाला. मग त्यांनी माघार न घेता पावसातच मार्ग काढून काम पुरं केलं.

खानदेशचा फड आणि निरेचा ब्लॉक

याच खानदेशात पांझरा आणि आसपासच्या नद्यांवर शेतकऱ्यांची जुनी फड पद्धत चालत आलेली होती. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकाच जातीचं पीक घ्यायचं आणि पुढच्या वर्षी फेरपालट करायची. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. माणसं गावानेच नेमायची, पगार धान्यात. कुणाला किती पाणी मिळणार हे सगळ्यांना माहीत असायचं, म्हणून भांडणं कमी. पाण्याचं हे शिक्षण शाळेत मिळत नव्हतं, बापाकडून पोराकडे जात होतं.

1899 च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुण्याला पाटबंधाऱ्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले, तेव्हा मुठा आणि निरा कालव्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. निरेचा कालवा 1876-78 च्या दुष्काळानंतर झालेला. कालवा होता, पाणी होतं, पण वाटपाचा घोळ होता. मुखाजवळचे बागाईतदार हवं तेवढं पाणी घ्यायचे, जमिनी पाणथळ व्हायच्या, हिवताप पसरायचा आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी आभाळाकडे बघत बसायचा. हे वर्णन सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे, हे वाचताना विसरायला होतं ना?

त्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याखालच्या गावांत सलग जमिनीचे ब्लॉक पाडायचे. ब्लॉकमध्ये साधारण एक तृतीयांश ऊस, बाकी जमिनीत कमी पाण्याची पिकं, आणि ठरल्याप्रमाणे फेरपालट. पाण्याचा करार एका हंगामापुरता न ठेवता काही वर्षांचा ठेवायचा, म्हणजे शेतकऱ्याला नियोजन करता येईल. फडाची ओळख असलेल्या वाचकाला यात ओळखीची गोष्ट दिसेल. थोडक्या लोकांच्या हातातलं पाणी जास्त गावांत पोचवायचं, हा त्यामागचा विचार.

विरोध झालाच. ज्यांना भरपूर पाणी मिळत होतं त्यांना हा हिशेब पटला नाही. विश्वेश्वरय्यांनी हुकूम काढून हात झटकले नाहीत. लोकांसमोर जाऊन पद्धत समजावली, शंका ऐकल्या आणि निरा कालव्यावर ती अमलात आणली. पुढे दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक हा शब्द रुळला. ऊस मात्र वाढत गेला आणि फेरपालटीचा मूळ हेतू मागे पडला. नियम कागदावर राहिला, तो पाळण्याची सवय लागली नाही.

खडकवासल्याचे दरवाजे, ग्वाल्हेरचा धडा

त्यांचं नाव देशभर झालं ते खडकवासल्यामुळे. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुण्याला कमी पडायचं. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवायचं कसं? त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवायची कल्पना काढली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत आलं की वजनाच्या समतोलावर दरवाजे आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. 1903 मध्ये ते बसवले आणि साठ्याची पातळी काही फुटांनी वाढली. पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचा मोबदला त्यांनी घेतला नाही.

अशाच धर्तीचे दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तिघऱ्याचं नाव सहलीच्या निमित्ताने निघतं. पण 1917 च्या ऑगस्टमध्ये हेच धरण पुरात फुटलं होतं आणि खालच्या भागात असंख्य माणसं दगावली होती. धरण नंतर पुन्हा बांधलं गेलं. पाण्याच्या कामात एखादं हुशार यंत्र पुरत नाही. पायाचा खडक, पुराचा अंदाज, रोजची देखभाल हे सगळं जाणणारी माणसं जागेवर लागतात.

या काळात त्यांच्या हातून धारवाड, विजापूरसारख्या शहरांच्या पाणीयोजनाही झाल्या. त्याआधी सिंधमध्ये सक्करला नगरपालिकेकडे मोठ्या गाळण यंत्रणेसाठी पैसे नव्हते, तेव्हा नदीच्या वाळूतूनच पाणी गाळून विहिरीत घ्यायची स्वस्तातली युक्ती त्यांनी वापरली. 1906 मध्ये त्यांना एडनला पाठवलं, तिथल्या पाणी आणि सांडपाण्याच्या योजनेसाठी. दोन-तीन वर्षांतच त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली.

हैदराबादचा पूर

28 सप्टेंबर 1908 ला मुशी नदीने हैदराबाद बुडवलं. हजारो माणसं गेली. शाह अलीबंडा, गौलीगुडा, अफजलगंज या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही त्या पुराच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या असतील, यात नवल नाही. निजाम सरकारने 1909 मध्ये विश्वेश्वरय्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. नुसत्या शहरातल्या भिंती उंच करून भागणार नाही, पूर शहराच्या वरच अडवला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातून मुशीवर उस्मानसागर आणि ईसा नदीवर हिमायतसागर असे दोन तलाव पुढे आले. उस्मानसागर 1920 मध्ये आणि हिमायतसागर 1927 मध्ये पुरा झाला.

म्हणजे आराखड्यापासून शेवटच्या दगडापर्यंत अठरा वर्षं गेली. विश्वेश्वरय्या तर कधीच म्हैसूरला निघून गेले होते. काम तडीला नेलं ते हैदराबाद संस्थानातल्या इंजिनिअरांनी. अली नवाज जंग हे त्यातलं मोठं नाव. सल्लागार गेल्यावरही काम चालू राहतं की नाही, यावरच योजनेची खरी परीक्षा होते. हैदराबादला अशी माणसं होती म्हणून ती परीक्षा पार पडली.

म्हैसूर: शाळा, कॉलेज आणि कावेरी

1909 मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि 1912 ते 1918 दिवाण राहिले. कावेरीवर कृष्णराजसागराचं काम 1911 मध्ये सुरू झालं. मंड्याच्या कोरड्या माळावर पाणी गेलं, त्या मुख्य कालव्याला आज त्यांचंच नाव आहे. पण त्याच वर्षांत त्यांनी काय काय सुरू केलं ते बघा. संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा कायदा 1913 मध्ये झाला. हेब्बाळला शेतीशाळा निघाली. 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ उभं राहिलं, 1917 मध्ये बेंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज. शेती, उद्योग आणि शिक्षणावर लोकांनीच बसून विचार करावा म्हणून आर्थिक परिषद भरायची, तिच्या समित्या जिल्हा आणि तालुक्यापर्यंत होत्या.

धरण बांधायला इंजिनिअर हवा, पण कालव्यावर मिस्त्री, सर्वेअर, ओव्हरसीअर हवेत आणि शेतात पाण्याचा हिशेब समजणारा शेतकरी हवा. ही साखळी ते एकत्रच विचारात घेत. दिवाणगिरी सुटल्यावरही हा विषय सुटला नाही. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याच्या कामाचं मानधन त्यांनी स्वतःसाठी न ठेवता कारागिरांच्या प्रशिक्षणाकडे वळवलं. त्यातून 1943 मध्ये बेंगळूरला धंदेशिक्षणाची संस्था निघाली, तिला नावही त्यांनी स्वतःचं न देता महाराजांचं देऊ केलं.

एक बोचणारा प्रश्न

या चरित्रात एक पान असं आहे जे हाराच्या दिवशी उलटलं जात नाही. 1918 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा कसा देता येईल यासाठी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हतं. गुणवत्तेवरच निवड व्हावी, शिक्षण वाढवलं की अंतर आपोआप मिटेल, असं त्यांचं मत. या मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडलं.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी 1902 मध्येच पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या आणि त्याच राजाने पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. दोघांनाही पाणी कळत होतं, दोघांनाही शिक्षणाचं महत्त्व कळत होतं. दार कुणासाठी आधी उघडायचं, यावर मात्र रस्ते वेगळे झाले. विश्वेश्वरय्यांचं मोठेपण मान्य करूनही इथं शाहूंनी जास्त दूरचं पाहिलं, असं म्हणावं लागतं. ज्यांच्या पोरांना शाळाच मिळाली नाही, त्यांना गुणवत्तेच्या रांगेत उभं राहायला सांगणं सोपं असतं. पाण्याचंही तसंच आहे. शेवटच्या टोकाला पाणी आपोआप पोचत नाही, त्यासाठी वर कुणाला तरी हात आखडावा लागतो. निरेवर विश्वेश्वरय्यांना हे पक्कं कळलं होतं. नोकऱ्यांच्या बाबतीत त्यांनी तोच नियम लावला नाही.

आज आपल्या पाटावर

1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी पाहून एप्रिल 1962 मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर धरणं खूप झाली. प्रशिक्षणाचीही सोय झाली: 1980 मध्ये छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, वाल्मी ही पाणी आणि जमीन व्यवस्थापनाची संस्था निघाली, आपल्या जवळ धारवाडलाही वाल्मी आहे. तिथं इंजिनिअर आणि शेतकरी दोघांनाही शिकवलं जातं. महाराष्ट्रात 2005 पासून पाणीवापर संस्थांचा कायदा आहे, कर्नाटकातही पाणी वापरणाऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत.

तरी पाळी सुटली की मोटर कुणाची आधी लागते, आणि टेलच्या माणसाच्या वाट्याला काय येतं, हे गावात बसलेल्याला सांगावं लागत नाही. जास्त पाण्याने चोपण झालेली जमीन आणि पाण्यावाचून वाळलेलं शिवार एकाच कालव्यावर बघायला मिळतं.

म्हणून येत्या 15 सप्टेंबरला फोटोला हार घालताना एवढं तरी करू या. आपल्या गावची पाणीवापर संस्था कागदावर आहे की चालते, ते विचारू या. धारवाडच्या प्रशिक्षणाला गावातून कोण गेलं, त्यात टेलचा शेतकरी किती, बायका किती, ज्यांच्या नावावर सातबारा वा उतारा नाही असे किती, तेही विचारू या. पाटकऱ्याचं काम शिकायला तयार असलेलं एखादं पोर गावात नक्की असेल. त्याला संस्थेच्या खर्चाने पाठवता येतं का, हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायला काही हरकत नाही.