वाटाण्याचा अंकुर

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत दरवर्षी पावसाळ्यात भाताची रोपे वाढतात. परंतु रोप वर सरकताना कोणाच्या दृष्टीस पडते काय? मागे टीचभर होते, आता वीतभर झाले, एवढेच कळते. ही न दिसणारी वाढ पडद्यावर दाखविण्याची किमया १९१२ साली मुंबईत धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांनी केली.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण हस्तगत केले. पुढे छापखान्यात भागीदाराशी मतभेद होऊन ते बाहेर पडले. त्या विवंचनेच्या दिवसांत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट त्यांनी पाहिला, आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच चालत्याबोलत्या करण्याचा ध्यास घेतला. अहोरात्र परिश्रमांमुळे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. सुदैवाने उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पत्रे गहाण टाकून ते लंडनला गेले आणि तेथून कॅमेरा मागविला.

यंत्र आले, पण भांडवल कोण देणार? चित्रपट हा धंदा होऊ शकेल, हेच लोकांना पटेना. दादासाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा न हलविता ठराविक अंतराने एकेक चित्र घेण्याचा क्रम त्यांनी महिन्याहून अधिक काळ चालविला. फीत पडद्यावर फिरताच अंकुर फुटला, वेल सरसर वर चढला. ते पाहून यशवंत नाडकर्णी कर्ज देण्यास तयार झाले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले; काळोखात बसून कोऱ्या फितीला छिद्रेही त्यांनीच पाडली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ रसिकांसमोर आला.

पुढे महायुद्धामुळे पैशाची ओढ लागली. तेव्हा १९१५ साली दादासाहेबांनी आगकाड्याच नाचविल्या! काडी किंचित सरकवावी, चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावी. त्या काळी एका सेकंदास सुमारे १६ चित्रे लागत. म्हणजे मिनिटभराच्या खेळासाठी जवळजवळ हजार. ‘आगकाड्यांची मौज’ या नावाने ती फीत ओळखली जाते.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणाऱ्या त्यांच्या एका फितीचा काही भाग शिल्लक आहे. तीत दादासाहेब फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून एकेक चित्र तपासताना दिसतात.